दुखतंय म्हणा

नाओए माझ्या सार्वजनिक न्हाणीघरामागची खोली भाड्यानं मागायला आली, तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "बाई, या गावात म्हातारी माणसं आणि बर्फ, दोनच गोष्टी उरल्यात. मालिशचं दुकान चालायचं नाही."

"म्हाताऱ्यांचीच पाठ दुखते ना, तोमे काकू?" ती म्हणाली आणि ओल आलेल्या भिंतीवरून हात फिरवत बसली.

ही उत्तरेतल्या अकिताकडची. नवरा नाही, मूलबाळ नाही. डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या पाठी रगडण्यात उमेदीची वर्षं गेली. काम सांभाळून शिकली, मालिशचा परवाना मिळवला. तिथं पगार बरा, जेवणखाण फुकट. तरी सोडून आली. का, म्हणून मी खोदून विचारलं.

"पाहुणा सकाळी निघून जातो, काकू. माझ्या हातानं त्याला बरं वाटलं की त्याचं वाटोळं झालं, मला कळतच नाही. मला तीच पाठ परत आलेली बघायचीय."

असल्या हौसेपायी कोणी आयतं जेवण सोडतं का? पण खोली रिकामीच पडली होती. दिली.

सकाळी ती माझ्याबरोबर दारातला बर्फ ओढायची आणि दुपारपासून पाठी धरायची. संध्याकाळी तिचे अंगठे असे आखडलेले असत की जेवायच्या काड्या धरता येत नसत. मग भाताचा वाडगा सरळ तोंडाला लावून ती जेवायची आणि भिंतीला टेकून तिथंच पेंगायची. मला तिच्याकडे बघूनच थकवा यायचा. "कशाला जिवाचं रान करतेस?" म्हटलं, की नुसती हसायची.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे टोफूवाले हिरोबे आजोबा. जन्मभर सोयाबीनच्या कढयांवर वाकून त्यांची पाठ पार धनुकली झालेली. नाओए दर वेळी विचारायची, "जोर जास्त होतोय का?" आणि आजोबा दर वेळी म्हणायचे, "छे, अगदी बेताचा आहे."

आमच्याकडे असंच. पायावर शेगडी पडली तरी माणूस म्हणेल, काही नाही, जरा ऊब लागली. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मला या सभ्यपणाचा मनापासून वैताग येतो.

एका आठवड्यात आजोबा आलेच नाहीत. बर्फावर घसरले, बरगडी मोडली, असं कळलं. त्यानंतर बाकीचेही यायचे थांबले. कोणाचा गुडघा अचानक बरा झाला, कोणाकडे लेक आली होती. भांडण नाही, तक्रार नाही. उलट जो तो नाओएला मुळ्याचं लोणचं आणून देई. खोलीत लोणच्याच्या बरण्या वाढत गेल्या आणि गादी रिकामी. ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसून राही. आणखी एक महिना असाच गेला असता, तर तिला परत हॉटेलची वाट धरावी लागली असती.

शेवटी मी हिरोबेंच्या बायकोला, मासूला, बायकांच्या हौदातच गाठलं. गरम पाण्यात माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही.

"कसला बर्फ न् कसलं काय," ती म्हणाली. "त्या गादीवरच मोडली. कट्कन आवाज झालेला यांनी ऐकला. तरी उठून म्हणाले, फार छान वाटलं! वर गल्लीभर ताकीद दिली, पोरीचं दुकान नवं आहे, कोणी चकार शब्द काढायचा नाही."

"म्हणजे गल्लीभर सगळ्यांना ठाऊक, आणि तिला तेवढं नाही?"

मासू मानेपर्यंत पाण्यात बुडून बसली.

माझं डोकं फिरलं. अंग न पुसताच कपडे चढवले आणि नाओएला जाऊन सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली.  मग समारंभाचा काळा स्कर्ट घातला, मिठाईचा खोका घेतला आणि हिरोबेंच्या दारात जाऊन गुडघे टेकले. मी मागे उभी.

"आजोबा, बरगडी मी मोडली. मला माफ करा."

"मी घसरलो," छातीला पट्टा बांधलेले आजोबा म्हणाले.

"तुमची हाडं ठिसूळ झालीयत हे माझ्या हाताला कळायला हवं होतं. मी नुसतं विचारलं आणि तुमच्या उत्तरावर मोकळी झाले."

"घसरलो म्हणतो ना! मासू, चहा टाक."

मिठाई त्यांनी ठेवून घेतली, कबुली काही दिली नाही.

पुढच्या रविवारी अख्खी गल्ली रस्त्यावरचा बर्फ उपसायला जमली, तेव्हा नाओएनं सगळ्यांसमोर कमरेत वाकून तेच सांगितलं. सगळे आपापल्या फावड्यांकडे बघायला लागले. "छे छे, घसरले ते," कोणीतरी पुटपुटलं. ती वाकलेलीच राहिली. "घसरले नाहीत. माझ्या हातानं झालं. पुन्हा होऊ नये म्हणून मी काय करते ते बघायला या."

तिनं जोर विचारणं बंद केलं. गिऱ्हाईक पालथं झोपलं की म्हणायची, "सुनेचं काय चाललंय?" मग सून, जावई, शेजारी, जे येईल त्याची उखाळीपाखाळी सुरू व्हायची. बोलणारा मधेच अडखळला की ती हात हलका करायची. आमची माणसं कुठं दुखतंय ते सांगत नाहीत, पण सुनेबद्दल सांगायला तयारच असतात. आधी मासू आली. मग मुकाट्यानं एकेक करून बाकीचे.

हिरोबे आजोबा आले ते बर्फ वितळल्यावर. मासू माझ्याशेजारी न्हाणीघराच्या गल्ल्यापाशी बसली. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"सुनेचं काय चाललंय, आजोबा?"

 तिनं अजून हातही लावला नव्हता बहुतेक, कारण तेलाच्या बाटलीचं झाकण आत्ता कुठं वाजलं.

"त्या दिवशी," आजोबा म्हणाले, "फार दुखलं. फारच."

 मग नाओए म्हणाली, "हो," आणि तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

मी मासूकडे पाहिलं. ती मांडीवरच्या टॉवेलाच्या घड्या घालत होती, उलगडत होती.

"इतकी वर्षं यांच्याबरोबर काढली," ती हळूच म्हणाली, "दुखतं असं मला कधी म्हणाले नाहीत."