रिकामा रकाना

“हा आकडा कुणी भरला?” पीटरने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

आकडा होता वीस. ऑस्ट्रियातल्या एका गोठलेल्या धबधब्यावरच्या बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.

“तिथल्या हट कीपरने,” मी ताडकन सांगून टाकलं.

पीटर आमच्या, डीमन या डच गावातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला सोमवार होता. सिंटरक्लासच्या सणाची मसाल्याची बिस्किटं टेबलावर तशीच पडून होती, कारण नुकताच फोन आला होता. येरुन पडला होता. येरुन म्हणजे आमचा क्लायंट, एनस्खेडे शहरातल्या एका गिर्यारोहण क्लबचा स्वयंसेवक. शनिवारी तो हाच धबधबा चढत असताना बर्फाचा थर त्याच्यासकट सुटला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. निघण्याआधी त्याने आमची साइट पाहिली होती.

डच लोकांच्या देशात डोंगर नाही. पण थंडी पडायचा अवकाश, यांच्यातले हौशी लोक बर्फातल्या कुऱ्हाडी आणि स्की गाडीत टाकून आल्प्सकडे सुटतात. सुरुवातीचा हिवाळा सगळ्यात फसवा, असं येरुननेच मला समजावलं होतं. धबधबा बाहेरून गोठलेला दिसतो, आत पाणी वाहत असतं. वरच्या उतारांवर, जिथे डोंगरावर नेणारी केबलची लिफ्ट नाही आणि स्की लावून पायीच चढायचं असतं, तिथे ताजं हिम नीट बसलेलं नसतं. एक दिवस गरम वारा सुटला की सगळं बदलतं. म्हणून क्लबला एक पान हवं होतं. डोंगरात मुक्कामाची घरं असतात, त्यांना हट म्हणतात. ती चालवणारे हट कीपर आठवड्यातून तीनदा फॉर्म भरणार: बर्फाची जाडी, ताजं हिम, उतार कसे आहेत. ते आमच्या पानावर दिसणार.

मी तोवर जाड बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. पुण्याहून डिपेंडंट व्हिसावर आले, दोन वर्षं घरी बसले, आणि ही इथली पहिली नोकरी. काहीही करून छाप पाडायची होती. त्याआधी पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअर्सचं सॉफ्टवेअर केलं होतं. तिथे आजचा आकडा आला नाही तर कालचा कॅरी फॉरवर्ड करायचो. नटबोल्ट वितळत नाहीत, त्यामुळे ते चालून जायचं.

इथे फॉर्म येऊ लागले तर निम्मे रकाने रिकामे. पान दात पडल्यासारखं दिसत होतं. शाळेत बाई प्रत्येक परीक्षेआधी बजावायच्या, “प्रश्न सोडायचा नाही. येत नसेल तरी काहीतरी लिहून या.” मी आज्ञाधारक मुलगी. चार ओळींचा कोड लिहिला: रकाना रिकामा असेल तर मागचा आकडा दाखव. शेजारी तारीख मात्र आजची, कारण फॉर्म आजच आलेला.

डेमोच्या वेळी येरुन पानाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. “इतकं भरलेलं? नोव्हेंबरात?”

“हो, डेटा छान येतोय,” मी म्हणाले.

पीटर खूश झाला. मीही झाले. सांगायचं असतं तर ते तिथेच सांगायला हवं होतं.

आता पीटरने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या हट कीपरला मेल केली. तिचा सूर जरा जाब विचारल्यासारखाच होता. मी मागे उभी राहून ती वाचली आणि गप्प बसले. जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं.

‘तो रकाना मी रिकामा ठेवला होता. बुधवारपासून गरम वारा आहे. मी धबधब्यापर्यंत गेलो नाही, पाहिलं नाही, म्हणून लिहिलं नाही. तो मुलगा कसा आहे? त्याला खाली आणणाऱ्यांत मी होतो.’

पीटरने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळला.

“रिक्वायरमेंटमध्ये ब्लँकबद्दल काही लिहिलेलं नव्हतं,” मी म्हणाले.

“मी ते विचारलं नाही. आकडा कुणी भरला?”

“मी.”

तो ओरडला नाही. साइट बंद करायला सांगितली. मग म्हणाला, “त्या माणसाला लिही. येरुनला इकडे आणलं की भेटायला जा. कंपनीच्या वतीने नाही, स्वतःच्या.”

हट कीपरला मी चार वेळा पत्र लिहिलं. पहिल्या तिन्हींत कारणं होती, ती पाठवली नाहीत. चौथं दोन ओळींचं झालं: आकडा माझा होता. दोष मी तुमच्यावर ढकलला, मला माफ करा. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. त्याने माफ केलं असेल असं धरून चालायची माझी आता हिंमत होत नाही.

पुढच्या आठवड्यात एनस्खेडेच्या हॉस्पिटलमध्ये गेले. बेसनाचे लाडू नेले होते. दारातच त्या डब्याची लाज वाटली. येरुनच्या आईने खुर्चीवरचा आपला कोट उचलून मला जागा करून दिली, कॉफी हवी का विचारलं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मी पाठ करून आलेलं सगळं सांगितलं. येरुनने ऐकून घेतलं.

“मला एक मेल का नाही केलीस?”

“पान रिकामं दिसत होतं.”

“या दिवसांत ते रिकामंच असतं,” तो म्हणाला. “मलाही जाडी कमी वाटत होती. पण म्हटलं, कुणीतरी पाहून लिहिलंय.”

निदान त्या दिवशी मी काहीतरी उत्तर ठोकून दिलं नाही.

फेब्रुवारीत साइट पुन्हा सुरू केली. रकाना रिकामा असेल तर आता लाल अक्षरांत ‘पाहिलेलं नाही’ असं येतं. मान्यता द्यायला येरुन कुबड्या घेऊन आला. त्याने डिसेंबरचं पान उघडायला लावलं; साइट बंद असली तरी फॉर्म येत राहिले होते. निम्म्याहून जास्त पान लाल होतं.

“हं. आता डिसेंबर दिसतोय,” तो म्हणाला आणि त्याने सही केली. बर्फावर तो पुन्हा चढला नाही.

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. परीक्षेत ठोकून दिलेलं उत्तर चुकलं तर फार तर आपले मार्क जातात. माझ्या उत्तरावर एक माणूस पाय ठेवून उभा होता.