गव्हाच्या डब्यातला राजा

आमच्या नायगावच्या घरात इंग्लंडचा एक राजा बरीच वर्षं गव्हाच्या डब्यात राहत होता. राज्याभिषेकाची आठवण म्हणून इंग्रजांनी काढलेलं ते चांदीचं नाणं सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या आजोबांनी दिलेलं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला राणी. (राणीचा चेहरा बघून राजाची दयाच येते!)

सुनंदा साड्यांना फॉल-पिको करून देते, पण मशीन शेजारणीची. नाणं विकून स्वतःची मशीन घ्यायची, हे तिचं स्वप्न. लातूरला जुनी नाणी जमवणारे एक निवृत्त सर आहेत. त्यांना फोटो पाठवला. "नाणं लई चांगलं दिसतंय. आणा, बघून किंमत सांगतो," ते म्हणाले.

'बघून'! मला तिथंच संशय आला.

"बघतो म्हणून आत नेतील अन् भलतंच आणून देतील!"

"ओ, सर हायत ते," सुनंदा म्हणाली.

"म्हणूनच! मी बी मास्तरच हाय, मला म्हाईत हाय!"

आमच्याकडं नाव घातल्याशिवाय चमचासुद्धा शेजारी जात नाही. मग राजा कसा पाठवायचा? मी सुनंदाला न सांगता नाणं घेऊन थेट भांड्यांच्या दुकानात गेलो.

"नाव टाकायचंय."

"पातेलं कुठंय?"

मी राजा पुढं केला. दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं (त्याला माझाच संशय!) आणि मशीन चालू केली. खर्रर्र! राजाच्या कपाळापासून कानापर्यंत माझं नाव, गालावर मुक्काम पोस्ट नायगाव.

"राणीकडं बी टाकू का?"

"टाक! पालथं घालून बदललं तर?"

एसटीत शेजारच्यानं तंबाखू विचारली, तरी मी खिसा घट्ट धरून बसलो. लातूरला सरांनी भिंग लावलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा भिंग लावलं. (बदलायचा डाव फसला, मी खूश!)

"हे कुणी केलं हो?"

"मीच! खूण असावी म्हणून."

"अहो, असं नाणं जमवणाऱ्यानं उड्या मारत घेतलं असतं. आता नुसत्या चांदीचा भाव येईल." आणि त्यांनी ते दोन बोटांनी माझ्याकडं सरकवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव पुसून मिळेल का, तेही विचारून पाहिलं. सरांनी भिंग खणात ठेवून दिलं.

घरी आलो तर सुनंदानं मशीनसाठी खिडकीपाशी जागा झाडून ठेवलेली. मी चाचरत सगळं सांगितलं. तिनं नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा माझे, अन् नाव तुमचं?"

"चोरी होऊ नये म्हणून गं..."

"आता चोर बी घ्यायचा न्हाई." तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "एक बरं हाय, तुमच्यावर मी अजून नाव टाकलं न्हाई. कुणी बदलून देत असलं तर बघते!"

तेव्हापासून दाराची कडी वाजली की मी आधी माजघरात जाऊन बसतो.