भित्र्या गंगूताई

गंगूताई नर्सइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. कुत्र्याला भ्यायच्या, मारक्या म्हशीला भ्यायच्या, नावेत बसायचं म्हटलं की पाय लटपटायचे. आमच्या गावात आल्या की पिशवी छातीशी धरून चावडीपाशी उभ्या राहायच्या आणि कुणी तरी वाटेतली कुत्री हाकलेपर्यंत पाऊल पुढं टाकायच्या नाहीत. पोरं खदाखदा हसायची, बायका पदराआड. ताईंना त्याचं काही वाटायचं नाही. "भीती वाटते हो मला," असं त्या सरळ सांगायच्या. एखादीनं डोकं दुखतंय म्हणावं, तितक्या साधेपणानं.

सांगलीतल्या काही डॉक्टरांनी आणि चार शिकलेल्या बायकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. बाळंतिणी आणि तान्ही मुलं जगावीत, एवढंच त्याचं काम. लढाईचे दिवस, औषधं मिळायची मारामार, तरी मंडळानं भिलवडी स्टेशनाजवळ एक खोली घेऊन तिथं ताईंना नेमलं होतं. कृष्णाकाठची गावं त्या पायी हिंडायच्या. कुणाला दिवस गेलेत कळलं की तिच्या दारात हजर. लोक टिंगल करायचे, की भित्री नर्स आली, आता चुलीवर आधण चढवा. ताई आल्या की पहिलं काम पाणी उकळायचं, हे खरंच होतं.

मी सांगलीची, सातवी शिकलेली, या गावातल्या ऊस पिकवणाऱ्या घरात दिलेली. मालक पलटणीत, कुठल्या मुलखात आहेत तेही धड ठाऊक नसायचं. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझा पहिला मुलगा चांगला दणकट जन्मला होता. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं. जबडा उघडेना. मग अंग ताठ व्हायला लागलं. कुणी साधं भांडं आपटलं तरी एवढासा जीव कमानीसारखा वाकायचा. बाहेरचं आहे म्हणून आत्याबाईंनी अंगारे आणले, उतारे टाकले, देवापुढं कपाळ आपटून घेतलं. पोर गेलं ते गेलंच. मालक रजेवर येऊन गेले आणि पुन्हा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला असं मी खोटं कशाला सांगू? मला नुसती धडकी भरली. मुलगा होईल की मुलगी, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. याचं तोंड मिटेल का, एवढंच यायचं.

घाबरू नको, असं जो येईल तो मला सांगून जायचा. गंगूताईंनी सगळी हकिगत ऐकली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात त्यांनी आपल्या घामानं ओल्या हातात घेतला.

"घाबर," त्या म्हणाल्या. "मीही घाबरलेय. भ्यालेलं माणूस हात दोनदा धुतं, गं. आपण दोघी मिळून भिऊ."

काय सांगू, इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मुलगा झाला. ताईंनी कात्री उकळली, दोरा उकळला, कोपरापर्यंत हात घासले आणि तरी पुन्हा घासले. नाळ कापून स्वच्छ पट्टी बांधली. आमच्याकडं नाळेवर चुलीतली राख दाबायची रीत. यातलं काही लावायचं नाही, असं ताईंनी आत्याबाईंना बजावून सांगितलं. आत्याबाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या, पट्टी सोडली आणि त्यांचे हात तिथंच थांबले. नाळेवर राख होती.

आत्याबाईंनी काही लपवलं नाही. "वली दिसत हुती," त्या म्हणाल्या. "लेकराचं आंग उघडं कसं ठिवायचं? शेणीची राख हाय, चांगली चाळून लावलीया."

किती मायेनं म्हणाल्या! आता ताई कडकडून बोलणार असं मला वाटलं. ताई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मावशी, मला फार भीती वाटते," त्या म्हणाल्या. त्या राखेतूनच हे दुखणं अंगात शिरतं, मिरजेच्या दवाखान्यात त्यावरची सुई मिळेल, पण आत्ताच्या आत्ता निघायला हवं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

ओली बाळंतीण वेशीबाहेर, तीही पाचवी पुजायच्या आधी! आळी गोळा झाली. वाटेत वारं लागलं तर, सटवाईचा कोप झाला तर, तुझ्या नातवाचं तूच बघ, असं म्हातारे आत्याबाईंना ऐकवू लागले. आत्याबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्या बाळाकडं बघत होत्या.

"गाडी जुंपा रं," त्या म्हणाल्या, आणि आधी स्वतःच चढल्या.

नदीवर नावेत बसताना गंगूताईंनी डोळे गच्च मिटले आणि आत्याबाईंचा पदर मुठीत धरला, तो पैलतीर लागेपर्यंत सोडला नाही. पुढं आगगाडीनं मिरज. डॉक्टरांनी नाळ धुतली, सुई टोचली आणि आता वाट बघायची म्हणाले. वाट कसली, फासावर उभं राहणं ते. पाचवी दवाखान्याच्या पडवीतच झाली. पाटा-वरवंटा कुठला मिळायला? आत्याबाईंनी आवारातला एक धोंडा धुऊन मांडला. हळदकुंकू ताईंनी आणलं.

दुसरा दिवस उजाडला. तोच दिवस. बाळ जागं झालं आणि मला त्याला पाजवेना. नाही ओढलं तर? बाळाला मांडीवर घेऊन मी नुसती बसून राहिले. ताईंनी हात धुतले, करंगळी बाळाच्या तोंडात दिली आणि नावेत मिटले होते तसे डोळे मिटले. मला त्यांच्या तोंडाकडं बघायचा धीर होईना.

"ओढतोय," त्या म्हणाल्या, आणि तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडल्या.

पुढचे दिवसही सुखरूप गेले. घरी निघायच्या दिवशी आत्याबाईंनी ताईंना विचारलं, "बाई, म्हंजी पयला बी...?"

ताईंनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"हो, मावशी," ताई म्हणाल्या. "माझी मुलगीही अशीच गेली. माझ्या आईनं लावली होती राख. पुढं नर्सिंग शिकताना मला ते कळलं. आईला सांगायला मी भ्याले, ती जाईपर्यंत भ्याले."

"मंग मला का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत. आणि तुमच्या आळीत अजून दोघी पोटुश्या आहेत."

घरी आल्यावर कितीतरी दिवस आत्याबाई जेवायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, आणि मध्येच हात थांबवून कुठं तरी बघत राहायच्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकदमच.

पुढं मंडळानं गंगूताईंना लांब शिराळ्याकडं नेमलं. मग भेट नाही. काही वर्षांनी त्या वारल्याचं कानावर आलं. पण त्या शिराळ्याकडं जायच्या आधीच शेजारची सून बाळंतपणात अडली होती. ताईंनीच तिला सोडवलं. बाळ रडलं तशी त्याची आजी वाटी घेऊन चुलीकडं निघाली. बघते तर आत्याबाई चुलीपुढं मांडी घालून बसलेल्या.

"सरक की गं," ती म्हणाली.

"न्हाई सरकायची," आत्याबाई साऱ्या बायकांदेखत म्हणाल्या. "ह्याच राखंनं माजा पयला नातू गेला. म्या माज्या हातानं लावली हुती."

ती बाई रिकामी वाटी घेऊन मागं फिरली. त्या बाळाची नाळ गळून पडेपर्यंत आत्याबाई रोज सकाळी उठून शेजारी जायच्या आणि त्या चुलीपुढं बसून राहायच्या.