तिघांचा फोटो

तारनाक्याच्या प्रभाकररावांच्या घरात माणसं तीनच: ते स्वतः, बायको विमल आणि मुलगी वृषाली. पण घरातले अल्बम उघडलेत तर जिथे तिघं एकत्र आहेत तिथे चौथा हमखास घुसलेला. वृषालीच्या पहिल्या वाढदिवसाला पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन केकमागे हसतोय. गोवळकोंड्यावर करीमनगरचे कुणी अनोळखी काका छाती काढून उभे आहेत. शेजारचे लक्ष्मणराव तर इतक्या फोटोंत आहेत की पाहुण्यांना ते घरातलेच वाटतात.

याचं कारण विमलताई. तिघांचा फोटो काढला की त्यातलं एक माणूस जातं, असं जुने लोक म्हणतात. नुसतं ऐकून त्यांनी ते मानलं नसतं, पण त्यांच्या माहेरी तिघा भावांनी हौसेनं फोटो काढला आणि वर्षाच्या आत मधला गेला. प्रभाकररावांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी बायकोला भीती वाटते म्हटल्यावर त्यांनी तो विषय कधी ताणला नाही.

कोर्टातून रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि दर रविवारी फोटोग्राफी शिकवणाऱ्या कुलदीपबरोबर हिंडू लागले. सुरुवात विद्यापीठातल्या पक्ष्यांपासून. पक्षी उडून जायचा, रिकामी फांदी मात्र सुरेख यायची. मग जेवणाचे फोटो. खिडकीतला तिरपा उजेड बगारा बैंगनवर मनासारखा पडेपर्यंत ताट गार व्हायचं आणि विमलताई गरम. मग माणसं. चारमिनारपाशी चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांशी आधी गप्पा मारायच्या, कॅमेरा नंतर काढायचा, हे जमलं तेव्हा स्वारी आठवडाभर हवेत होती.

अशात वृषालीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. पोरगी जाण्याआधी आपला तिघांचा एक तरी फोटो हवा, असं प्रभाकररावांच्या मनानं घेतलं.

"जावई आले की आपोआप चार होतील," विमलताई म्हणाल्या. "घाई कायको?"

"त्यात जावई असतील ना. मला नुसते आपण पाहिजेत."

"नक्को म्हटलं ना."

त्यांचा आवाज कापरा झाला, तसा प्रभाकररावांनी विषय सोडला. पण आतून फार वाईट वाटलं. इतके फोटो काढायला शिकलो आणि घरचाच एक काढता येऊ नये.

पुढच्या रविवारी कुलदीपनं एक गंमत शिकवली. अंधाऱ्या खोलीत, काळ्या पडद्यासमोर, कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. फ्लॅश पडतो त्या क्षणी जे समोर असेल तेवढंच उमटतं. तो बाकाच्या एका टोकाला बसला, फ्लॅश पडला, अंधारातच सरकून दुसऱ्या टोकाला गेला, पुन्हा फ्लॅश. फोटोत दोन कुलदीप शेजारी शेजारी. प्रभाकरराव चहाला न थांबता घरी आले.

"फोटोत चार जण असतील," त्यांनी विमलताईंना सांगितलं. "बाहेरचा कुणी नाही."

"मग चौथा कोण?"

"मीच."

नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांनी बघून घेतलं. पण चार म्हटल्यावर नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

भर दुपारी खिडक्या बंद झाल्या. भिंतीवर काळी चादर, समोर कोचावर मायलेकी, फ्लॅशचा रिमोट प्रभाकररावांच्या मुठीत. पहिल्या खेपेला प्रभाकरराव डावीकडून उजवीकडे पळताना टीपॉयवर आपटले. दुसऱ्या खेपेला दोन फ्लॅशच्या मधे विमलताईंना हसू आवरेना, त्यामुळे त्यांना दोन नाकं आली. "अम्मा, जरा हलू नको ना, प्लीज," म्हणत वृषाली स्वतःच खिदळत होती. कितव्या तरी खेपेला सगळं जमलं.

खिडकी उघडून विमलताईंनी कॅमेरा हातात घेतला. स्क्रीनवर बोट ठेवत डावीकडून मोजायला लागल्या. नवरा, आपण, लेक, पुन्हा नवरा, धापा टाकत, घामाघूम. त्यांनी परत एकदा मोजलं. मग लेकीला जवळ ओढून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "हौ, चार आहेत. अन् सगळे आपलेच."