तिसरा घास

शिवरामआण्णांच्या खानावळीत पहिल्याच दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो होतो. भोरच्या एसटी स्टँडमागे चार बाकडी आणि एक चूल, एवढीच ती खानावळ. मी नुकताच बी.ए. होऊन कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. समोर भाकरी, आमटी, कांदा आला. मी हात धुऊन परत येतो, तर साठीचा एक ताठ म्हातारा माझ्याच ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून, आमटीत बुडवून, शांतपणे चावत उभा.

माझं डोकं फिरलं. आमचं घर वेल्ह्याकडच्या डोंगरातलं, बौद्ध. माझ्या आजीनं दारोदारचं उष्टं आणून पोरं जगवली. बापानं ते बंद केलं आणि मला शिकवलं. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी.

"उष्टं खायचे दिवस गेले आमचे," मी ओरडलो.

आण्णांनी घास नीट गिळला. "उष्टं न्हाई सायेब, राखण हाय. चाखल्याबिगर राजा जेवत न्हवता. तुमास्नी राजाच्या मानानं बसीवलं, आन तुमीच रागावताय व्हय?" जरा वेळ तसेच थांबले आणि मग ताट माझ्याकडे सरकवलं. "मी अजून जिता हाय न्हवं? मग जेवा."

मी जेवलो नाही. खोलीवर गेलो. तिथे मालकीणबाईंनी नेहमीसारखं वरूनच पाणी ओतलं, आणि ओंजळ धरताना माझ्या लक्षात आलं, की त्या म्हाताऱ्यानं माझं नाव, गाव काहीसुद्धा न विचारता माझ्या ताटात हात घातला होता. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो; आण्णा सगळ्यांच्याच ताटातला पहिला घास असा चाखत. मग सहा वर्षं तिथेच जेवलो.

आण्णा मूळचे वेल्ह्याकडचेच. पोरवयात एका आचाऱ्याबरोबर दूरच्या एका संस्थानात गेले आणि तिथल्या महाराजांचे चाखणारे झाले. संस्थानाचं नाव मी लिहीत नाही. ते आमचं भोर नव्हे, एवढंच सांगतो. महाराज त्यांच्याच वयाचे. आण्णांनी आधी घास घ्यायचा, थोडा वेळ बसायचं, आणि काही झालं नाही तर महाराजांनी जेवायचं, अशी ती नोकरी. पुढे संस्थान विलीन झालं तेव्हा महाराजांच्या मेहुण्यानं त्यांना बोलावून सांगितलं, राज्यच गेलं, आता विष कोण घालतंय? चाखणारा कशाला हवा? आण्णा एका ट्रंकेनिशी परत आले. लग्न केलं नव्हतं, ते पुढेही केलं नाही.

गावात त्यांना 'राणीसाहेब' म्हणत. आधी पाठीमागे, नंतर तोंडावर. एखादा ड्रायव्हर बाकावर बसता बसता ओरडायचा, "राणीसाहेब, येऊ द्या आमटी!" आण्णा वाढता वाढता म्हणायचे, "राणीसायबाच्या हातची हाय. मीठ कमी म्हनशील तर मुंडकं उडवीन." सगळे हसायचे, आण्णाही हसायचे.

मी कचेरीतल्या जोशींना याचा अर्थ विचारला. जोशी वयानं मोठे, जुन्या राजवाड्यांच्या गोष्टींचे शौकीन. दार लोटून घेत ते म्हणाले, "अहो, महाराज राणीच्या महालात जेवायलाच जात नसत म्हणे. हे दोघे एका ताटात. आता समजून घ्या. राजेलोकांत हे पूर्वीपासूनचं आहे. आजही बड्याबड्या राजवाड्यांविषयी कुजबुज चालतेच की. फक्त राजाला कुणी नाव ठेवत नाही, नोकराला ठेवतात."

मी पुण्यात शिकून आलेला, स्वतःला सुधारलेला समजणारा. एका दुपारी खानावळ रिकामी बघून विचारलं, "आण्णा, लोक बोलतात ते खरं का?"

"काय बोलत्यात?"

मी तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"तुमी बी.ए. झाल्याला मानूस. तुमास्नी बोलाया येईना, तर म्या अडान्यानं काय बोलावं?" आण्णा भाकरी थापत म्हणाले. तवा उतरवल्यावर मात्र आपणहून बोलले. "पयला घास माजा. दुसरा महाराजांचा. आन मग महाराज तिसरा घास करायचे, त्यो परत मला. सायेब, इषाची परीक्षा तर पयल्याच घासात झाली. मग तिसरा कशापायी? ह्याला काय म्हंत्यात, ते तुमच्या पुस्तकात आसंल तर सांगा."

माझ्या पुस्तकात नव्हतं. निदान मी वाचलेल्या पुस्तकांत नव्हतं.

राजेलोकांचे तनखे बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा कुणीतरी पेपर वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाला, "राणीसाहेब, तुमचं कसं व्हायचं आता?" खानावळ हसून हसून लोळली. मीही हसलो. आण्णांनी बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडेच एकदा बघितलं आणि भाकरी उलटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना कळलं, की महाराज फार आजारी आहेत, पुण्यातल्या बंगल्यात आणून ठेवलंय. आण्णा माझ्या खोलीवर आले. कधी येत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "तुमास्नी विंग्रजी येतं. फाटकावर बोलाया तरी चला. मला कोन आत घेईल?"

मी टाळत होतो. माझं लग्न ठरत होतं, मुलगी पुण्याची. राणीसाहेबाबरोबर फिरतो, एवढी एक गोष्ट मुलीच्या भावाच्या कानावर गेली तर? दोनदा रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा ते धुतलेलं धोतर नेसून सकाळी थेट स्टँडवरच उभे राहिले, तेव्हा गेलो.

बंगल्याच्या फाटकावर चिठ्ठी लिहून द्यावी लागे. नाव, गाव, महाराजांशी संबंध. मी खिशातून पेन काढलं. "आण्णा, संबंध काय लिहू?"

त्यांनी विचार केला नाही. तो बहुधा एसटीतच करून झाला असावा. "लिवा, ताटातला मानूस."

मागे आणखी दोघेतिघे उभे होते. फाटकावरचा माणूस माझ्या हाताकडे बघत होता. मी लिहिलं, 'जुना नोकर'.

आण्णांना वाचता येत नव्हतं. "लिवलं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

चिठ्ठी आत गेली. थोड्या वेळानं खाजगी कारभारी बाहेर आले आणि इंग्रजीत मला म्हणाले, की महाराज फक्त आप्तांना भेटतात, जुन्या नोकरांना जेवूखाऊ घालून पाठवायची पद्धत आहे, मागच्या पायरीवर बसा. मीही इंग्रजीतच आभार मानले. इंग्रजी चांगलं जमलं याचं मला त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं, हे कबूल करतो.

मागच्या पायरीवर एका गड्यानं ताट आणून ठेवलं. मुगाची पातळ खिचडी, वर तूप. "महाराजांसाठी केलेलीच आहे," तो म्हणाला.

आण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडी घातली, एक छोटा घास घेतला, डोळे मिटून गिळला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गडी कंटाळला तरी बसून राहिले. मग ताट उचलून त्याच्या हातात दिलं. "आता न्या आत. महाराजांना म्हनावं, शिवरामनं चाखलंय. जिता हाय."

गडी माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. तो ताट घेऊन गेला.

"पयला झाला," आण्णा मला म्हणाले. "दुसरा त्यांचा. ताट परत येईल, मग जाऊ आपन."

मी नळावर हात धुवायच्या निमित्तानं उठलो. तिथून बंगल्याचा कोपरा दिसत होता. गड्यानं ते ताट तिथल्या कुत्र्यापुढे उपडं केलं, विसळलं आणि स्वयंपाकघरात गेला.

दुपार कलली तरी आण्णा पायरीवरून हलेनात. शेवटी मी म्हणालो, "आण्णा, मी त्या गड्याला विचारलं. महाराजांनी खाल्लं. सगळं संपवलं. ताट रिकामंच झालं, परत काय येणार?"

"समदं?"

"भूक लागली असेल."

"मंग बरं हाय," आण्णा म्हणाले आणि उठले. कात्रजचा घाट चढून उतरून शिरवळकडचे डोंगर दिसायला लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, समाधानानं.

तीनेक आठवड्यांनी महाराज वारल्याचं पेपरात आलं. मीच वाचून दाखवलं. आण्णांनी खानावळ एक दिवस बंद ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा मात्र त्यांनी कुणाच्याच ताटातला घास घेतला नाही. ताट ठेवायचे आणि वळायचे. कुणी 'राणीसाहेब' म्हटलं तर उलट टोलाही देत नसत. मी समजलो, दुःख असेल. लग्न झालं, माझी बदली झाली, मी भोर सोडलं.

महाराज वारल्यावर चार वर्षांनी आण्णांच्या पुतण्याचा निरोप आला. वेल्ह्याच्या बाजूला उतरून तासभर चालत गेलो. आण्णा ओसरीवर घोंगडीवर पडले होते, हाडं तेवढी उरली होती. पुतण्याची बायको मऊ भात घेऊन आली. "खात न्हाईत ओ काय बी," ती म्हणाली.

मी ताट जवळ ओढलं, एक घास घेतला, गिळला आणि थांबलो. मग म्हणालो, "मी अजून जिता आहे, आण्णा. जेवा."

ते हसले. मी भरवलेला घास त्यांनी घेतला. मग ताटाकडे बघत त्यांनी विचारलं.

"सायेब, त्या दिशी समदं संपीवलं हुतं त्यांनी? खरंच?"

मी पुढचा घास कालवायला लागलो.

"न्हाई, खाल्लं ते बरंच केलं. पन येक घास मागं ठेवावा, येवढी बी याद न्हाई ऱ्हायली?"

चार वर्षं. दया म्हणून मी जे बोललो होतो, ते या माणसाच्या घशात चार वर्षं अडकून होतं.

"आण्णा," मी म्हणालो, "ते ताट आत गेलंच नव्हतं. गड्यानं कुत्र्याला घातलं. मी बघितलं होतं. खोटं बोललो मी."

मला वाटलं, शिवी देतील. त्यांनी माझा हात धरला. "ग्येलंच न्हाई आत?"

"नाही."

"म्हंजे इसरला न्हवता त्यो," आण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत महाराजांना 'त्यो' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "आरं, मंग इसरला न्हवता!"

ते आपणहून कोपरावर उठले. आता चिठ्ठीचंही सांगून टाकावं, मी त्यांना काय लिहून बसलो ते, म्हणून मी तोंड उघडलं. तर आण्णांनी भाताचा घास केला आणि माझ्या तोंडात घातला.

चिठ्ठीचं तसंच राहिलं.