हणमंत हवालदारांचा शेवटचा दिवस

कैद्याला मारण्याआधी हणमंत हवालदार डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवत. "टोपी सरकारची हाय, रगात उडाया नगं," असं म्हणत. मग कोठडीचं दार लागे आणि आवाज माझ्या टेबलापर्यंत येत. मी तुरुंगाच्या कचेरीत नवा कारकून होतो. कानांवर हात ठेवून मी हजेरीपट भरत असे.

टेंभुर्णीजवळच्या खेड्यातला हा धिप्पाड माणूस घरी मात्र कुणावर हात उचलत नसे. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "नोकरी हाय म्हणून हात चालतो, भाऊसाहेब. बैलाला बी कदी मारलं न्हाय." त्याच आठवड्यात त्यांनी शंकर नावाच्या कैद्याची दोन बोटं मोडली होती. त्यानं भाकरीचं ताट पहारेकऱ्याच्या तोंडावर फेकलं होतं. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

सन चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास नवा नियम आला. वय पुरं झालं त्या तारखेला नव्हे, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती. हवालदारांना अठ्ठावन्न वर्षं त्यांच्या महिन्याच्या तीन तारखेलाच पुरी झाली. उरलेले दिवस ते रोज येऊन मला विचारत, अजून किती राहिले.

अखेरच्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी पट्टा, काठी, शिटी माझ्या टेबलावर ठेवली. आता सुटलो न्हवं, असं विचारलं. मी कागदात गुंतलो होतो. मान वर न करताच म्हणालो, सुटलात.

निरोप घ्यायला ते आतल्या अंगणात गेले. शंकर पळीचा दांडा फरशीवर घासून, टोकदार करून वाट बघत होता. त्यानं तो हवालदारांच्या पोटात तीनदा खुपसला. पहारेकरी सांगत होते, दुसऱ्या वाराला हवालदारांनी त्याचं मनगट धरलं होतं. ते मोडायला त्यांना क्षणही लागला नसता. पण त्यांनी सोडून दिलं. मी धावलो तेव्हा फरशी लाल झाली होती, आणि ते पोट दाबून भिंतीला टेकून बसले होते.

तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी मला लिहायला सांगितलं की सेवा सकाळी दहालाच संपली. म्हणजे कामावर असतानाच्या जखमेचा प्रश्न उरणार नाही. मी नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं. शेवटचा दिवस पूर्ण सेवेचा, निवृत्ती त्यानंतर. साहेबांनी तो नियम वाचला, मग सही केली. हवालदारांच्या पत्नीचा भरपाईचा हक्क शाबूत राहिला.

चौथ्या दिवशी हवालदार गेले. आदल्या संध्याकाळी हे सांगायला मी इस्पितळात गेलो होतो. माझी चूक झाली, तुम्ही दिवसभर नोकरीतच होता, असं म्हणालो.

"म्हंजे तवा बी मी हवालदारच हुतो?"

"हो."

"मंग मारलं असतं तर चाललं असतं की."

मी होकारार्थी मान हलवली. 

"बरं झालं, भाऊसाहेब," ते हळू म्हणाले, "मला ठावं नव्हतं ते."