माशांचं उकळलेलं औषध

आता माझं शहाणपण कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! शेजारीण विचारत होती, "पत्र्यावर काय वाळत घातलंय गं, सांडगे?" म्हटलं, "न्हाई, माशांचं औषध." तिथंच मला कुणीतरी अडवायला पाहिजे होतं!

झालं असं. आमच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. मासे ह्यांचे. मी नुसती काठावरून नावं ठेवणारी. "बायकोपेक्षा माशांशीच लय बोलता!" हे डबा वाजवायचे, की सगळं तळं खळबळून वर यायचं.

दिवाळीनंतर हे गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मासे तेवढे सांभाळ."

मग डबा मी वाजवायला लागले. पाणी गप्प. मासे सुस्तावलेले, आणि सकाळी एखादा पांढरं पोट वर करून तरंगत असलेला.

कुपवाडहून खाद्य आणून देणारे रशीदभाई म्हणाले, "वैनी, पोट बिघडलंय त्यांचं. ही पावडर घ्या. चांगलं जंतू हायत ह्यात. पाण्यात कालवून खाद्याला चोळा."

जंतू! चांगले असले म्हणून काय झालं, जंतूच ना ते?

आजारपणात डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळल्याशिवाय ह्यांच्या तोंडात काही जाता कामा नये. वर्षभर मी तेच केलं. पाणी उकळ, चमचे उकळ, आळणी भाजी शिजवून शिजवून तिचा लगदा कर. हे म्हणायचे, "आता मलाबी एकदा उकळून काढ!"

तर मी ती पावडर दिली की हो खळाखळा उकळून! वर खाद्याला चोळून तापलेल्या पत्र्यावर कडकडीत वाळवली. मासे आणखीनच मलूल. मग मी काय केलं असेल? आणखी जास्त वेळ उकळली!

रशीदभाई पुन्हा आले, तेव्हा हे सगळं मी त्यांना अभिमानानं सांगितलं. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"आवं वैनी, जित्तं जंतू हायत ते! गार पाण्यात कालवायचं, सावलीत सुकवायचं, लगेच घालायचं. तुमी समद्यांस्नी मारलं की!"

"समदे?"

"एकबी न्हाई वाचला."

मला हसू आलं. हसता हसता कधी रडायला लागले, कळलंच नाही. ज्या माणसासाठी वर्षभर जंतू मारले तो राहिला नाही, आणि आता जंतू जगवायचे होते, तर हात काही ऐकेनात!

"रडू नगा," रशीदभाई म्हणाले. "दुसरी पुडी देतो. अजून येळ हाय."

पायरीवर सासूबाई लसूण सोलत होत्या. लेक गेल्यापासून त्या कामापुरतंच बोलतात. डोळे पुसत मी त्यांना विचारलं, "आत्ती, मग इतकं दिवस मी माशांना घातलं तरी काय वो?"

त्यांनी लसणावरची नजरसुद्धा हलवली नाही.

"पथ्याचं."